पडद्याची गाडी मागे, आम्ही पुढे: बीडमधला एक दिवस

जुम्म्याला कचेरी बंद असते, हे आम्हाला बीडला पोहोचल्यावर आठवले.

आमचे चकलांबा इंग्रजी हद्दीला लागून आहे. मीठ, कापड, लग्नाची भांडी, सगळे पलीकडच्या बाजारातून येते. त्यामुळे सुट्टी म्हटली की आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात रविवार येतो. निजामाच्या मोगलाईत राहून आम्ही ही चूक करतो. गुरुवारी दिवस मावळताना धर्मशाळेपुढे गाडी सोडली, तेव्हा रखवालदार म्हणाला, "कचेरीचं काम हाय का? मग उद्याच्याला काय करणार? जुम्मा हाय की, मालक."

आमचे यजमान पायरीवर बसून राहिले. जमिनीच्या कागदाची नक्कल आता शनिवारीच मिळणार होती. मी आत भाकरीचे गाठोडे सोडत होते. मला हसू आवरेना. शहर दारात होते आणि एक आख्खा दिवस हातात पडला होता.

बरोबर चौघेच होतो. मी, यजमान, त्यांची धाकटी बहीण तारा आणि गाडीवान सखाराम. चकलांब्याहून बीड पंधरा-सोळा कोस पडते. बैल चांगले असले तर दोन दिवस लागतात. मुक्काम मादळमोहीला करावा. पुढची वाट दगडगोट्यांची आहे, तेव्हा गाडीत गवताची जाड गादी घालावी. मी एवढे खात्रीने सांगू शकते, कारण वाटेचे मी फक्त हादरे ओळखते. वाट पाहिलेली नाही.

आमच्या देशमुखांच्या घरात गोषा आहे. घराच्या उंबऱ्यापासून गाडीच्या पायरीपर्यंत दोन्हीकडून कापडाची कनात धरतात. तिच्यातून आम्ही गाडीत चढतो, पडदा पडतो, आणि उतरतो तेव्हा पुन्हा कनात. लग्नानंतर आठ वर्षांत माझ्या तळव्यांना अंगणापलीकडची जमीन ठाऊक नव्हती. ताराला तर जन्मापासून नव्हती.

ताराचे गेवराईला जमत आले होते. घर मोठे, मुलगा शिकलेला. त्यांच्या बायका येऊन मुलगी पाहून गेल्या होत्या. पुरुषांनी आमच्यापैकी कोणाचे तोंड पाहिले नव्हते, पाहणारही नव्हते. मुलाचे वडील बापूसाहेब बैठकीत बसले होते तेव्हा आम्हीच त्यांना दाराच्या फटीतून पाहिले. ताराला मुलाबद्दल तक्रार नव्हती. तिला धास्ती वेगळीच होती. त्या घरची थोरली सून चार वर्षांत एकदाही माहेरी गेलेली नव्हती. त्यांच्याकडे पाठवत नाहीत. का, तर पाठवत नाहीत.

"वैनी, एकदा गेले की गेलेच म्हनायचं का?" तिने मला आदल्या महिन्यात विचारले होते. मी पुरुषांपुढे विषय काढून पाहिला. यजमान म्हणाले, "असं कुणी इचारतं व्हय? जमलेलं मोडंल." आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो आणि बाकी सगळे आईसाब म्हणतात, त्या परपुरुषाशी बोलत नाहीत. म्हणजे विचारणारे कोणीच नव्हते.

जुम्म्याच्या पहाटे मी यजमानांना म्हटले, "शहर दाखवा. पायी."

ते चूळ भरत होते. तांब्या तसाच हातात राहिला.

"पायी?"

"हितं कोण वळखतंय आपल्याला?"

"गेवराईचं कुणी भेटलं तर?"

"त्यांनी आमची तोंडं पाह्यलीत का? वळखणार कशावरनं?"

कार्तिक सरत आला होता. हवेत गारवा होता. ते स्वतः एकदाच, लहानपणी बीडला आले होते, आणि त्यांनाही फिरायचे होते हे मला दिसत होते. शेवटी म्हणाले, "मी म्होरं चालतो. तुमी मागं ऱ्हावा. हाक मारायची न्हाई. आन् दुपारच्याला परत."

आम्ही जुनी लुगडी नेसलो. तोडे, वाक्या काढून पेटीत ठेवल्या. वहाणा दोघींकडेही नव्हत्या. चालायचेच नसते तिथे वहाणा कशाला हव्यात? अनवाणी पायरी उतरलो आणि रस्त्यावर उभ्या राहिलो. धूळ गार होती. तारा आधी नुसतीच पायाची बोटे हलवत राहिली.

वीस पावले गेलो असू, मागून चाकांचा आवाज आला. सखाराम गाडी जुंपून निघाला होता. पडदे चारी बाजूंनी सोडलेले, घुंगुरमाळा घातलेल्या.

यजमान परत आले. "सख्या, कुठं निघाला बे?"

"बाईसाबांच्या मागं."

"आरं, त्या चालत्यात. गाडी रिकामी हाय."

"असू द्या की रिकामी. आईसाबांनी खंडोबाचा भंडारा उचलाया लावलाय मला. बायकांपसनं गाडी हटवायची न्हाई म्हनल्या. बायका आत पायजेत असं काय म्हनल्या न्हाईत."

त्याला दरडावून झाले, समजावून झाले. सखाराम बैलांच्या शेपट्यांकडे पाहत उभा राहिला. भंडारा उचलून शपथ घेतलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. यजमान हात झटकून पुढे निघाले. मग आम्ही दोघी. मग दहा पावलांवर रिकामी गाडी.

मला वाटले, दिवस वाया गेला. एवढा लवाजमा घेऊन गुपचूप कोण फिरते?

पहिली वेस आली. ओट्यावर चार माणसे विडी ओढत बसली होती. आम्ही दोघी सवयीने भिंतीकडे तोंड करून थांबलो. घरात परका पुरुष आला की आम्ही हेच करतो. मागून सखाराम जवळ आला, तशी ती चारही माणसे उठली, विड्या लपवल्या आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिली. आम्ही भिंतीकडे तोंड करून आणि ते पलीकडच्या भिंतीकडे. मध्ये दोन बैल. गाडीत गवत आणि एक तक्क्या.

गाडी पुढे सरकली. एकजण वळला आणि सरळ माझ्याकडे पाहत म्हणाला, "ए बाई, कुणाची सवारी हाय?"

माझ्याकडे इतक्या सरळ कोणी पाहिलेले नव्हते. त्या नजरेत काही नव्हते. आपण खांबाकडे पाहतो तशी ती नजर होती.

ताराच बोलली. "लांबची हाय."

"बरं बरं. पुढं वळणावर खड्डा हाय, गाडीवानाला सांगा."

वेशीतून बाहेर आलो आणि तारा माझ्या खांद्यावर डोके ठेवून हसू लागली. तिला कळले होते, मलाही कळले होते. मालकीण गाडीत होती. आम्ही मोलकरणी होतो. मोलकरणीला कोण पाहतो?

तिथून पुढे आम्ही भिंतीकडे वळलो नाही.

ज्यांना बीड पाहायचे आहे त्यांनी सकाळी लवकर बाजाराच्या रस्त्याला लागावे. दुकाने उघडत असतात, सडे पडत असतात, आणि चालायला जागा असते. शहर वेशींनी बांधलेले आहे. एक वेस ओलांडली की वाटते संपले, तर पुढे दुसरी वस्ती सुरू होते. पाट्या उर्दूत आहेत. वाचता येत नसेल तर नाकाने चालावे. हळद आली की किराणा, ओला चुना आला की पानवाला, कातडे आले की ती गल्ली वेगळी, तिची गोष्ट पुढे येईल. जुम्मा असल्याने मशिदीच्या बाजूला पांढऱ्या कपड्यांची लगबग होती. अत्तरवाल्याच्या पेटीपाशी तारा इतकी रेंगाळली की त्याने तिच्या मनगटाला कापूस टेकवला. "तेरी बाईसाब को सुंगा, बेटी. पसंद आया तो लेंगे." ताराने मनगट पडद्यात घातले, क्षणभर थांबली, बाहेर काढले आणि गंभीरपणे म्हणाली, "सरदी झालीय त्यांना."

ते दिवस सीताफळांचे होते. बालाघाटच्या डोंगरातून पाट्या भरून येतात. बाजारात एक बाई ढीग लावून बसली होती. आठ सीताफळे दोन पैशांना, तेही निजामाच्या हाली शिक्क्याचे. तिने निवडून देता देता गाडीकडे मान उडवली.

"लई छळती का गं तुजी मालकीण?"

"न्हाई," मी म्हटले. "शांत हाय. दिवसभर तोंड उघडत न्हाई."

"मंजी नशीबवान हायस."

"पर खाती लई," तारा म्हणाली.

"खाऊ दे, खाऊ दे. आत कोंडून बसल्यावर दुसरं करील काय." तिने एक जास्तीचे फळ आमच्या ओच्यात टाकले. "ह्ये तिला दे. माझ्याकडनं म्हनावं."

आम्ही ते चालता चालता खाल्ले. रस्त्यात, उभ्याने, बिया थुंकत. अशी चव मी कोणत्याही ताटात घेतलेली नाही. यजमान पुढून एकदा वळून पाहून गेले. त्यांच्याही दाढीला सीताफळ लागले होते.

पेठेकडे जायला बिंदुसरा नदी ओलांडावी लागते. पाणी पोटरीपर्यंत होते. दगड टाकून वाट केली आहे, पण दगड निसरडे आहेत. मी सांगेन, सरळ पाण्यातून चालावे. आम्ही लुगडी खोचून उतरलो. मागून गाडी आमच्या अंगावर पाणी उडवत आली. काठावर दोघी-तिघी धुणे आपटत होत्या. त्यातली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "आवं बाईसाब, आत जागा हाय न्हवं? पोरी भिजाया लागल्यात की. बसवून घेतलं तर काय झिजाल का?"

पडदा काही बोलला नाही.

"बग, उत्तरबी देत न्हाई. कावून अशी मान्सं ऱ्हात्यात त्यांच्याकडं, कळत न्हाई मला." तिने आमच्यासाठी इतके मनापासून वाईट वाटून घेतले की तारा पाण्यातच थांबली.

"आजी, आमाला आवडतंय चालायला."

"काय तरीच बोलतीस, बाय."

कंकालेश्वर पाण्यात उभे आहे. चौफेर कुंड, मध्ये देऊळ, जायला दगडी वाट. जुम्म्याला तिथे गर्दी नव्हती. भिंतीवर दगडी बायका आहेत. एकीच्या हातात आरसा, एकीच्या हातात शस्त्र, एक पायातला काटा काढते आहे असे मला वाटले. सगळ्या उघड्यावर, उन्हापावसात, कोणी कनात धरलेली नाही. तारा एकेकीपुढे उभी राहून पाहत होती. मी घाई केली नाही. देवळातला गुरव म्हणाला, "मालकिणीला उतरवा की, वाटेवर कुणी न्हाई." सखाराम म्हणाला, "त्यांना पान्याचं भ्या वाटतं." एवढे खोटे तो गमतीत बोलला. दिवस त्यालाही चढू लागला होता.

खंडेश्वरीची टेकडी गावाबाहेर आहे. ताराच्या हातून देवीची ओटी भरायला म्हणूनच आत्याबाईंनी आम्हाला पाठवले होते. चढ फार नाही, पण खडे बोचतात. माझ्या डाव्या पायाला फोड आला होता. मी तो सांगितला नाही, कारण सांगितला असता तर गाडीत बसावे लागले असते. दीपमाळांच्या सावलीत बसून धपाटे आणि ठेचा खाल्ला. समोर सगळे बीड पडले होते. वेशी, मिनार, नदीची ओढ, घरांची धाबी. यजमान आमच्यापासून हातभर अंतरावर बसले. लग्नानंतर घराबाहेर ते माझ्याजवळ असे पहिल्यांदा बसत होते.

तारा बोटाने वेशी दाखवत होती. मग तिचे बोट उत्तरेला वळले.

"गेवराई तिकडं?"

"तिकडं," यजमान म्हणाले.

"आन् चकलांबा?"

"त्याच्याबी पल्याड."

"म्हंजी लई लांब न्हाई," ती म्हणाली. "चालत गेलं तर दोन दिवस." जरा वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पर कुनी सोडलं तर."

यजमानांनी धपाट्याचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांना छागल घ्यायची होती. बीडची छागल नावाजलेली आहे. कातड्याची पाण्याची पिशवी, गाडीला टांगली की वाऱ्याने पाणी गार राहते. आमच्या घरात कातड्यातले पाणी चालत नाही, पण शिकारीला आणि शेतावर पुरुष लपून वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे. घेणाऱ्याने शिवण पाहावी, पाणी भरून टांगून घ्यावी, आणि पहिल्या दिवसाचे पाणी पिऊ नये. गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना छागला टांगलेल्या. यजमान पुढे एका दुकानात शिरले. आम्ही बाहेर थांबलो, आमच्यामागे सखाराम.

समोरून तलम रुमाल बांधलेला एक माणूस येत होता, काठी टेकत. बरोबर एक गडी. मी त्याला ओळखले. दाराच्या फटीतून पाहिलेला माणूस उजेडात थोडा बुटका दिसतो, एवढाच फरक. ते बापूसाहेब होते.

यजमानांनीही पाहिले असावे. दुकानातल्या टांगलेल्या छागला हलल्या आणि त्यांच्यामागे ते दिसेनासे झाले.

बापूसाहेबांना आम्ही ओळखू येणे शक्य नव्हते. पण त्यांनी बैल ओळखले. मग सखारामला.

"अरे सखाराम? तू हितं कुठं?"

सखारामने वाकून मुजरा केला आणि वाकलेलाच राहिला.

"आत कोन? आईसाब का?"

सखारामने माझ्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. "जी," तो म्हणाला.

बापूसाहेब लगेच वळले. गाडीकडे पाठ, नजर जमिनीवर, हातातली काठी उभी. गल्लीतली माणसे बाजूला झाली. मोठ्या घरचा माणूस मोठ्या घरच्या बाईशी बोलणार म्हणजे मध्ये मोलकरीण लागते. त्यांनी मान न वळवता मला म्हटले, "बाई, आईसाबांना माझा रामराम सांग."

मी गाडीपाशी गेले, पडद्याची कड उचलली आणि डोके आत घातले. आत अंधार होता. तक्क्या होता आणि सीताफळांच्या साली होत्या. मी दोन श्वास घेतले आणि बाहेर आले.

"आईसाब रामराम म्हनत्यात."

"पत्रिका जमली म्हनावं. मार्गशीर्षात सुपारी फोडू. देन्याघेन्याचं आमचं काय म्हननं न्हाई."

मी पुन्हा आत डोके घातले. मला एवढेच करायचे होते. "बरं" म्हणायचे आणि त्यांना वाटेला लावायचे. गाडीच्या चाकाचा आरा घट्ट धरून तारा उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. इतके दिवस विचारणारे कोणी नव्हते. आता विचारणारे होते. आत बसलेले होते, वजनदार होते आणि त्यांचा शब्द मोडता येणार नव्हता.

मी बाहेर आले. "आईसाब म्हनत्यात, सुपारी फोडा. त्यांचं येकच सांगनं हाय."

"बोला की."

"पोर दरसाल पंचमीला माहेरी धाडायची."

काठीचे टोक धुळीत थोडे फिरले. "आमच्याकडं तशी वहिवाट न्हाई."

मी आत गेले, बाहेर आले. "आईसाब म्हनत्यात, कुनीतरी चालल्याबिगर वहिवाट पडती का?"

दुकानाच्या आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

बापूसाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग हळू, जणू स्वतःशी बोलावे तसे म्हणाले, "धाकटीला धाडली की थोरली इचारंल. तिला काय सांगू?"

"तिलाबी धाडा," मी म्हटले.

बोलून गेल्यावर मला कळले. मी आत डोके घातले नव्हते.

बापूसाहेबांची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली. "ए बाई, तू मदी बोलू नगंस. आत इचार."

मी डोके आत घातले. या वेळी मला बाहेर यावेसे वाटेना. बाहेर बैलाने मान हलवली, घुंगरू वाजले. मग मी बाहेर आले.

"आईसाबबी त्येच म्हनत्यात."

गल्लीत कोणीतरी हसले आणि खोकल्याने ते झाकले. बापूसाहेबांनी रुमाल नीट केला. "त्या घरची बाई कधी परक्याशी येक सबूद बोलली न्हाई. बाजारात गाडी थांबवून मागतीया म्हंजी पोरीवर जीव असंल." त्यांनी काठी उचलली. "धाडीन म्हनावं. दोघींनाबी. माझा सबूद."

ते गेले. त्यांचा गडी मात्र वळून वळून सखारामकडे पाहत होता, कारण सखाराम अजून वाकलेलाच होता.

यजमान दुकानातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत छागला होत्या.

"दोन कशाला?" मी विचारले.

"येवढा वेळ आत बसू दिलं त्यानं. येकच घेऊन कसं निघावं?"

धर्मशाळेपर्यंत तारा यजमानांच्याही पुढे चालत होती, आणि त्यांनी तिला मागे बोलावले नाही.

शनिवारी नक्कल मिळाली. सोमवारी आम्ही घरी. वाटेत यजमान आणि मी ठरवले होते की आत्याबाईंना दोन दिवसांनी, वेळ पाहून सांगायचे. सखारामने बैलसुद्धा सोडले नाहीत. सरळ आतल्या चौकाच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. "आईसाब, म्या खोटं बोललो. तुमी गाडीत हाय म्हनलो."

मग सगळे सांगावे लागले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सांगून संपले तरी त्या निवडत राहिल्या. खडे एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. चालण्याबद्दल त्या काय म्हणतील याची मी वाट पाहत होते, आणि ताराच्या लग्नाबद्दलही. त्या एवढेच म्हणाल्या, "माज्या तोंडचं बोलायच्या आदी मला इचारलं असतंस तर?"

"तुमी आत नव्हता, आत्याबाई."

"व्हय. ते बी खरं."

मार्गशीर्षात गेवराईची मंडळी आली. बैठकीत पान झाले आणि बापूसाहेब आतल्या दाराकडे पाठ करून म्हणाले, "आईसाबांशी बीडात बोलनं झालंच हाय. दोघी सुना पंचमीला येतील-जातील. त्यांच्या ध्यानात हाय न्हवं?"

दाराआड आम्ही तिघी उभ्या होतो. आत्याबाईंनी एक शब्द उलटा बोलला असता तर लग्नही गेले असते आणि घराची अब्रूही. आत्याबाईंनी पदर सारखा केला, मोलकरणीला जवळ बोलावले, आणि दारापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांग त्यांना. मी बोलले ते बोलले. पंचमीला गाडी माझी येईल."

बैठकीत सुपारी फुटल्याचा आवाज आला.

दुपारी पंगती उठल्यावर त्यांनी मला माजघरात बोलावले. दार लोटायला सांगितले. मला वाटले, आता ऐकावे लागणार.

"बस," त्या म्हणाल्या. "आता सांग. मी कुठं कुठं गेलते?"

मला आधी कळले नाही.

"गेवराईच्या बायका उद्या इचारतील न्हवं, बीड कसं हाय म्हनून. मी बीडात गेलते. मग मला ठावं नगो?"

मी सांगू लागले. वेशीपासून सुरुवात केली. त्या मध्येच थांबवत. धूळ कशी होती, गार का गरम? पाणी पोटरीला लागले तेव्हा ओढ कुठल्या अंगाला होती? त्या सीताफळवालीने दिलेले फळ गोड निघाले का? दगडातल्या बाईच्या हातात शस्त्र कोणते? मला जे आठवत नव्हते ते त्या पुन्हा पुन्हा विचारत, आणि मग मला ते आठवे. त्यांच्या पायांची बोटे चटईवर हलत होती. दिवेलागणीपर्यंत आम्ही टेकडीवर पोहोचलो.

बापूसाहेब आता नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही. तारा आणि तिची जाऊ दरवर्षी पंचमीला आपापल्या माहेरी जातात, आणि गेवराईत आता ती वहिवाट आहे. मी त्यानंतर दोनदा बीडला गेले, दोन्ही वेळा पडद्यात. चाकाखाली पाणी वाजले की नदी आली एवढे कळते. पण फोड आलेल्या पायाने चढलेली टेकडी मला अजून पायानेच आठवते, डोळ्यांनी नाही.

आत्याबाई थकल्या आहेत. तरी गावात नवी सून आली की तिला जवळ बसवून त्या बीड सांगतात. वेशी, बाजार, नदी, पाण्यातले देऊळ, सगळे क्रमाने, एक वळण चुकत नाही. अलीकडे त्यात खजिना विहीरही आली आहे. गावापासून दोन कोसांवर, तीन बोगद्यांनी पाणी येते, दुष्काळातही आटत नाही. आत्याबाई काठावर हात टेकून आत वाकल्या होत्या, पाणी हिरवे होते आणि खालून गार वारा येत होता. तिकडे आम्ही गेलोच नव्हतो. पण ज्यांना जायचे असेल त्यांनी आत्याबाईंना विचारावे. वाट त्या फार नीट सांगतात.